‘काका, चार्जर जरा काढून ठेवतो’: आवाज सुधारण्याच्या नावाखाली ३८ हजार रुपयांना कसं फसवलं

कॉम्प्युटरवर गाणं ऐकणाऱ्या आणि आवाज आणखी चांगला व्हावा म्हणून पदरचे पैसे घालायला तयार असणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. घरी येऊन ‘साउंड सुधारून देतो’ म्हणणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून ३८ हजार रुपये नेले. यूएसबी केबलचे १४,५००, ‘ऑडिओ ग्रेड’ पॉवर स्ट्रिपचे, म्हणजे प्लग लावायच्या बोर्डाचे, ११,००० आणि ५० सीडी ‘स्टुडिओ क्वालिटी’त करून देण्याचे १२,५००. हीच गोष्ट आमच्या सोसायटीतल्या आणखी एका घरीही झाली आहे, म्हणून त्याची पद्धत नीट सांगतो.

माझी मांडणी साधी आहे. लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी डबी, पुढे अँप्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. तक्रार एकच होती. स्पीकरमधून सतत एक बारीक घरघर यायची. संथ आलापी चालू असताना, तानपुरा आणि आवाज यांच्या मधल्या शांततेत ती फार टोचायची.

हा माणूस आला, बोलायला अदबशीर. त्याने आधी माझ्याच जुन्या केबलवर एक विलंबित ख्याल लावला. ‘ऐका काका, स्टेज किती चपटं वाटतंय.’ मग केबल बदलली, आणि बदलता बदलता म्हणाला, ‘चार्जर मध्ये येतोय, जरा काढून ठेवतो.’ तोच ख्याल पुन्हा लावला. घरघर गायब. आवाज भरदार, तबल्याचा डग्गा पोटात जाणवावा असा. फरक मला स्पष्ट ऐकू आला, हिला ऐकू आला, शेजारच्या कुलकर्ण्यांनाही आला. आमचे कान चुकले नव्हते. फरक खरोखरच होता, फक्त तो केबलने पडलेला नव्हता.

तो गेल्यावर संध्याकाळी लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि घरघर परत आली. फोन केला तर म्हणाला, ‘केबल मुरायला २०० तास लागतात काका, रोज वाजवत राहा.’ रोज दोन तास ऐकणाऱ्याला २०० तास म्हणजे तीन महिन्यांहून जास्त. तोवर माल परत घेण्याची मुदत संपलेली असते. कोणी ‘मुरायला वेळ लागतो’ म्हणालं, तर त्याच दिवशी वस्तू परत करा.

माझा भाचा रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. गणपतीत तो घरी आला तेव्हा त्याने सगळं उलगडून दाखवलं. त्या माणसाने ‘प्लेअर सेट करतो’ म्हणत लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली होती. तिच्या फोल्डरमध्ये सेटिंगच्या दोन फाइली होत्या. एकीत एकच ओळ, सगळा आवाज ४ डेसिबलने खाली. दुसरीत आवाज पूर्ण आणि १०० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज ३ डेसिबलने वर. पहिली फाइल माझ्या केबलला, दुसरी त्याच्या केबलला. एकच रेकॉर्डिंग थोडं मोठ्याने लावलं की माणसाला ते ‘मोठं’ वाटण्याऐवजी ‘चांगलं’ वाटतं. ध्वनीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. त्याने ते माझ्याविरुद्ध वापरलं, याची चीड अजून जात नाही.

भाच्याने मग प्रिंटरची केबल काढून डॅकला लावली. तसली केबल बुधवार पेठेत दोन-अडीचशे रुपयांत मिळते. दोन्ही केबलींना आवाजाची पातळी तीच ठेवून, कुठली लावली आहे ते न सांगता त्याने मला आलटून पालटून ऐकवलं. मला ओळखता आलं नाही, त्यालाही आलं नाही. कारण सरळ आहे. यूएसबीतून आवाज जात नाही, आकडे जातात. आजच्या बहुतेक डॅकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं आणि त्या घड्याळाप्रमाणे ते लॅपटॉपकडून आकडे मागून घेतात. केबल सदोष असेल तर टकटक होते, आवाज मध्येच तुटतो किंवा डॅक सापडतच नाही. सूर ‘उबदार’ होणं किंवा गायक ‘दोन पावलं पुढे येणं’ केबलच्या हातात नाही.

घरघरीचं कारण वेगळंच होतं. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर आणि अँप्लिफायर, दोघांची अर्थिंग एकमेकांना मिळून एक वळसा तयार झाला होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिची गुणगुण त्या वळशातून स्पीकरमध्ये उतरते. चार्जर काढला की वळसा तुटतो, घरघर थांबते. त्या माणसाला हे नक्की माहीत होतं, म्हणून तर त्याने बरोबर त्याच क्षणी चार्जर काढला. पॉवर स्ट्रिपने त्यात काहीही फरक पडला नाही. आता लॅपटॉप आणि डॅकच्या मध्ये एक यूएसबी आयसोलेटर लावला आहे, म्हणजे विजेचा जोड तोडून फक्त आकडे पुढे पाठवणारी डबी. स्वस्त आयसोलेटर ९६ किलोहर्ट्झपर्यंतच चालतात, म्हणजे आवाजाची सेकंदाला ९६ हजार मापं, पण सीडीसाठी ४४.१ पुरतात.

सगळ्यात जास्त दुःख सीडींचं. त्यातल्या काही आता बाजारात मिळत नाहीत. २४ बिट (प्रत्येक माप किती बारकाईने घेतलं त्याचा आकडा), १९२ किलोहर्ट्झच्या फाइली म्हणून त्याने हार्डडिस्क भरून दिली. आकार अवाढव्य, तासाभराचं गाणं ४ जीबीच्या वर. सीडीवर तेच साधारण ६३५ एमबीत बसतं. आकार पाहून मला ते खरंच वाटलं असतं. भाच्याने एक फाइल स्पेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडली. त्यात कोणत्या उंचीपर्यंत आवाज आहे याचं रंगीत चित्र दिसतं. चित्र १६ हजार हर्ट्झवर पट्टी ठेवून कापावं तसं कापलेलं होतं, वर नुसता काळोख. मग मूळ सीडी लॅपटॉपमध्ये घालून तोच राग उघडला, तर टेपची सूक्ष्म सूं पार २२ हजारांपर्यंत दिसत होती. म्हणजे त्याने सीडीवरून आधी १२८ केबीपीएसची एमपी३, म्हणजे आवाजाचा काही भाग टाकून लहान केलेली फाइल, केली आणि तीच फुगवून १९२च्या डब्यात भरली. माझ्या सीडीत होतं त्यातलंही काढून घेतलं आणि वर त्याचेच पैसे घेतले. जुनी रेकॉर्डिंग्ज वरच्या पट्टीत हळूहळू विरत जातात. १६ हजारांच्या आसपास सरळ आडवी रेघ दिसली तर ती बहुधा एमपी३सारख्या फाइलीची समजा.

सीडीचं १६ बिटांचं माप काही कमी नाही. त्यात सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजामधला ९६ डेसिबलचा पल्ला बसतो आणि माणसाचा कान ऐकू शकतो त्या सगळ्या उंच्या बसतात. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रयोग छापला. उच्च दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत सीडीच्या मापाचा टप्पा घालून श्रोत्यांना ओळखायला सांगितलं. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के, म्हणजे डोळे मिटून अंदाज ठोकला तरी येतील तेवढीच.

माझा आवाज खरा सुधारला तो स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून काढून, भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवल्यावर. समोर सतरंजी अंथरली, मागे जाड पडदा लावला. विंडोजमधली ‘एन्हान्समेंट्स’, म्हणजे आवाजात आपोआप बदल करणारी सेटिंग्ज, बंद केली. एवढ्याने डग्ग्याची घुमघुम गेली आणि तानेतला एकेक स्वर सुटा ऐकू यायला लागला. कुणी घरी येऊन काही ऐकवणार असेल, तर आवाजाची खुंटी आणि माउस तुमच्या हातात ठेवा, आणि त्याने चार्जर, वायर, सेटिंग यांतलं काहीही हलवलं तर ते पूर्ववत करून पुन्हा ऐकवायला लावा.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. त्याच्या बिलावर फक्त ‘संगणक साहित्य’ असं लिहिलं आहे, २४ बिट किंवा १९२चा उल्लेखही नाही. पण ‘ओरिजिनल स्टुडिओ क्वालिटी, गॅरंटी’ असे त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज मी पुसले नव्हते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. ज्यांच्याकडे तो येऊन गेला आहे त्यांनी मेसेज आणि यूपीआयची नोंद जपून ठेवावी, आणि हार्डडिस्कवरच्या फाइली पुसू नयेत. त्या फाइलींचं चित्र हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे.