आजीची होडीवाली, शिंप्याची उषा, की नैरोबीहून आलेली 201? जुने शिवणयंत्र घेताना

माझी भाची गोव्यातल्या साखळी गावात दिली आहे. चवथीचे विसर्जन झाले आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला, "मावशी, शिवण सुरू करते. मशीन जुनीच घेणार, पण तीन समोर आहेत. कुठली घेऊ?" तिला शिवायचे होते ते असे: मुलीचे परकर-पोलके, स्वतःचे ब्लाऊज, आणि कुणबी साडीच्या लाल चौकड्याच्या जाड पिशव्या. पिशव्या पुढे विकायचा बेत होता.

तीन मशीन अशा. एक सासरच्या माळ्यावरची, तिच्या आजेसासूची सिंगर 28, हाताने फिरवायची. दुसरी म्हापशात दुकान बंद करणाऱ्या एका शिंप्याची काळी उषा, पायाची, टेबलासकट. तिसरी मडगावच्या एका घरातली सिंगर 201के. त्या घरातले वडील नैरोबीहून परतताना ती बरोबर घेऊन आले होते. गोव्यात जुनी मशीन शोधणाऱ्याला थोड्याफार फरकाने याच तीन जाती भेटतात, म्हणून तिला जे सांगितले ते सविस्तर लिहिते.

आधी एक दिलासा. तिन्हींना सुई एकच लागते, कुठल्याही शिवणसामानाच्या दुकानात 'एचए×1' म्हणून मिळणारी. ब्लाऊजच्या कापडाला 14 नंबर, जाड पिशवीला 16 किंवा 18. दाबाचा पायही तिन्हींना साधाच बसतो. पण सगळ्याच जुन्या मशीनचे असे नाही. सिंगरची फार जुनी 12 नंबरची मशीन आणि काही जुन्या जर्मन मशीन अशा सुया मागतात ज्या आता मिळवताना घाम फुटतो. म्हणून बोली करण्याआधी मशीनमधली सुई काढून नव्या सुईशेजारी धरा. लांबी आणि वरचा चपटा भाग जुळला तरच पुढे बोला.

होडीवाली

28 म्हणजे सिंगरच्याच 27 ची धाकटी बहीण. घडण तीच, आकार साधारण पाऊण. दोघींत खालच्या दोऱ्याची गोल बॉबिन नसते. लांब काडीसारखी बॉबिन एका टोकदार होडीत बसते आणि ती होडी कमानीत पुढे-मागे झुलते. चालताना तिचा ठेका वेगळाच असतो. टाका मात्र इतका सरळ आणि नेटका पडतो की नव्या मशीनचा टाका शेजारी ठेवून पाहिला तर फरक डोळ्यांना दिसतो. हँडलच्या एका फेरीत सुई तीन टाके घालते. एक हात हँडलला गुंततो, म्हणून कापड सांभाळायला दुसरा एकटाच उरतो. लांब सरळ टीप असेल तर याचा काही त्रास नाही. बाहीचा गोल जोडताना तर हा संथपणा उपयोगीच पडतो. मुलांना शिकवायला हीच उत्तम, कारण वेग मुलाच्या हातात राहतो.

अडचणी दोन. उलटा टाका नाही, त्यामुळे टीप पक्की करायला कापड फिरवावे लागते किंवा दोरे गाठवावे लागतात. दुसरी अडचण मोठी: होडी. ती नसेल तर मशीन शोभेची. बाहेरून घ्यायची असेल तर होडी आणि किमान दोन लांब बॉबिनी हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. घरचीच मशीन असेल तर आधी बटणांचा डबा, देवघराखालचा खण, शिवणाची जुनी पेटी धुंडाळा. भाचीच्या घरी होडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बटणांखाली सापडली. आत दोरा अजून होता, पांढरा.

उषा

जुन्या मशीनच्या गप्पांत सिंगरचे कौतुक होते आणि उषा मागे राहते. मला हे पटत नाही. उषाचा कारखाना 1930च्या दशकात कलकत्त्यात उभा राहिला. साध्या काळ्या उषाची घडण सिंगरच्या 15 नंबरच्या मशीनवर बेतलेली. त्या 15 ची रचना जगभर इतकी उचलली गेली की युद्धानंतर जपानमधूनही तिच्या हजारो प्रती बाहेर पडल्या. आत दोरा पकडणारा, गोफणीसारखा एक हूक अर्धा वळसा घेऊन परत येतो, पुन्हा जातो. मधोमध एक डबी, म्हणजे केस, आणि केसमध्ये गोल बॉबिन. रचना इतकी उघडी की डाव्या बाजूची पट्टी सरकवली की सगळे दिसते, साफही तिथूनच होते.

तिचे खरे बळ बाजारात आहे. बॉबिन, केस, दोऱ्याच्या ताणाची म्हणजे टेन्शनची स्प्रिंग, कापड पुढे सरकवणारे दाते, पट्टा, बॉबिन भरायच्या चाकाची रबरी रिंग: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलात की यातले बहुतेक सामान शिवणसामानाच्या एखाद्या दुकानात मिळून जाते. फोंडा आणि मडगावातही तसेच. जिथे पार्ट मिळतो तिथे दुरुस्ती येणारा मेस्तही असतो, आणि त्याच्या हाताला ही मशीन डोळे मिटून कळते. पावसात टेन्शन बिघडले तर पोर्वरीपर्यंतही जावे लागत नाही, गावातला मेस्त येतो.

पायाच्या मशीनचे दोन्ही हात मोकळे. जाड पिशवीच्या चार पदरांवरून टीप मारताना हे महत्त्वाचे, कारण कापड पुढून ओढायचे नसते, नुसते दिशेला लावायचे असते. जड ओतीव लोखंड असल्याने मशीन थरथरत नाही. जूनमध्ये माड तारेवर पडला आणि वीज गेली तरी हिचे काम चालू राहते. गोव्यात राहणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

वाईट काय? दुकानातून येणारी उषा राबलेली असते. सुईदांडा बोटाने धरून हलवून पाहा. डावी-उजवीकडे खुळखुळत असेल तर टाका सुटणार. दाते बोटाच्या पेराने चाचपा, बोथट असतील तर कापड सरकणार नाही. पण दाते बदलता येतात, ते स्वस्त. टेबलाचे लाकूड मात्र उलटे करून बघा. वाळवीने पोखरलेले टेबल ठोकले की पोकळ वाजते. चांगल्या मशीनपायी वाळवी घरात आणू नका. टेबल तिथेच सोडा, लोखंडी सांगाडा आणि मशीन उचला, वरची फळी गावातल्या सुताराकडून करून घ्या.

201

सिंगर 201 ही 1935 च्या सुमारास बाजारात आली. 201के मधला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना. तो 1980 मध्ये बंद पडला, पण गावातल्या रेल्वे स्टेशनचे नाव अजून 'सिंगर'च आहे. हिचा हूक मागे-पुढे झुलत नाही, एकाच दिशेला पूर्ण गोल फिरतो. त्यामुळे आवाज मऊ, थरथर जवळजवळ नाही, आणि रेशमापासून जाड कापडापर्यंत टाका तोच. उलटा टाका आहे. बॉबिन वरून आडवी टाकायची, ती 66 नंबरची. उषाची बॉबिन हिच्यात चालत नाही. 66 ची गावात मिळेलच असे नाही, म्हणून घेताना पाच-सहा बॉबिनी मागून घ्या.

या तिघींत शिवायला सर्वात सुखाची कोणती, असे कोणी विचारले तर मी डोळे झाकून 201 म्हणेन. तिच्यावर शिवलेले साटिनचे अस्तर मला अजून आठवते, एक सुरकुती नव्हती.

पण मडगावची 201 मोटरवर चालते, आणि जुन्या मोटरला मी दोन गोष्टी विचारल्याशिवाय हात लावत नाही. पहिली, पाटीवरचा व्होल्टेज. आफ्रिकेतून किंवा पोर्तुगालातून आलेल्या मशीनवर 220–240 च्या आसपासचा आकडा असेल तर आपल्या विजेवर चालेल. अमेरिकेतून आलेली 110 ची असेल तर ती सरळ भिंतीच्या प्लगला लावली की मोटर जळेल. दुसरी, वायर. त्या काळच्या वायरीवरचे रबर कडक होऊन तडकते आणि बोट लागले की चुरा होतो. गोव्याच्या ओलसर हवेत अशी वायर, आणि मशीन धातूच्या अंगाची. शॉक बसायला एवढे पुरे. वायर बदलल्याशिवाय तिला प्लगला लावू नका, विकणारा "चालते की" म्हणाला तरी नाही.

सिंगरची 221 ही छोटी मशीनही कधीकधी नजरेस येते, अॅल्युमिनियमची, जेमतेम पाच किलोची. देखणी आहे, पण तिची बॉबिन या सगळ्यांहून वेगळी आणि किंमत कायम चढी. पहिली मशीन म्हणून नको. सिंगरची 66 आणि तिची धाकटी 99 या दोन्ही मशीन चांगल्या. बॉबिनचे तेवढे 201 सारखेच लक्षात ठेवा.

खारी हवा आणि खोबरेल

गोव्यातल्या जुन्या मशीनचा खरा शत्रू वय नव्हे. समुद्रावरची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि खोबरेल तेल, हे तीन. खोबरेल घरात असतेच, म्हणून तेच घातले जाते. ते 24-25 अंशांखाली गोठते आणि वर्षानुवर्षे राहिले की मेणचट, पिवळट थर बनून सांध्यात बसते. डिसेंबरच्या सकाळी "मशीन जाम झाली" म्हणून आलेल्या किती मशीनमध्ये मला हेच सापडले! चाक हलत नाही म्हणून मशीन मेली असे समजू नका. आतल्या सांध्यांवर रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, केस वाळवायच्या यंत्राने हलकी ऊब द्या आणि चाक आपल्याकडे थोडे थोडे झुलवा. जोर लावू नका. सुटले की रॉकेल पुसून मशीनचे पातळ तेल प्रत्येक भोकात दोन थेंब. रॉकेल धुते, पण वंगण देत नाही. ते तसेच ठेवले तर मशीन कोरडी पडून झिजते.

बाहेरच्या काळ्या अंगाला मात्र रॉकेल नको, आणि स्पिरिट तर मुळीच नको. त्या काळ्या रंगावर आणि सोनेरी नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो. सुतार लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून करतो, म्हणजे स्पिरिटने पुसले की थर निघणारच. स्फिंक्सची सोनेरी नक्षी असलेली एक 27 माझ्याकडे आली होती. दुरुस्त करणाऱ्याने ती चकाचक व्हावी म्हणून स्पिरिटने पुसली होती. नक्षीचा सोनेरीपणा जाऊन राखाडी डाग उरला होता. मशीन उत्तम चालत होती, पण ती नक्षी आता कुणीच परत आणू शकत नाही, आणि मला त्याचे आजही वाईट वाटते. कापसावर मशीनचे तेल घ्या, गोल गोल फिरवा, मळ निघेल तेवढा निघू द्या. नुसत्या धातूच्या पट्ट्यांवरचा गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपरने जातो.

गंज पाहून घाबरण्याचे कारण नाही. हरवलेला भाग पाहून थांबा. गंजलेली 15 मी महिन्याभरात शिवती केली आहे. दोन संध्याकाळी साफ करण्यात गेल्या, बाकी सगळा वेळ रॉकेल मुरण्याची वाट पाहण्यात. खर्च सुया, तेल, पट्टा आणि रबरी रिंग मिळून हजाराच्या आत. तीच 15 केसशिवाय आली असती तर वेगळी गोष्ट.

पावसात मशीनवर प्लास्टिक घालू नका, आत वाफ धरते. जुन्या साडीचे आवरण घाला आणि आठवड्यातून एकदा, शिवायचे नसले तरी, चाक दहा-बारा फेऱ्या फिरवा.

किंमत

"शंभर वर्षांची आहे, अँटिक" असे ऐकले की भाव आपोआप चढतो. पण क्लाइडबँकच्या एकट्या कारखान्यातून 1913 या एका वर्षात 13 लाखांहून जास्त मशीन बाहेर पडल्या. जुनी असणे म्हणजे दुर्मीळ असणे नव्हे. मशीनच्या पाटावर कोरलेल्या अनुक्रमांकाआधी एकही अक्षर नसेल तर ती सिंगर 1900 च्या आधीची, एवढे सहज ओळखता येते. त्याने कुतूहल भागते, भाव ठरत नाही. आणि 'लाल पारा' ऐकलात तर उठून या. 2009 मध्ये सौदीत अफवा पसरली की जुन्या सिंगरमध्ये लाल पारा नावाचा फार मोलाचा पदार्थ असतो, आणि तिथे मशीनचे भाव भडकले. आखातात आपली किती माणसे आहेत ते आपण जाणतो, म्हणून ही अफवा इथेही अधूनमधून डोके वर काढते. सिंगरमध्ये तसले काही नाही. लोखंड आहे आणि तेल आहे.

भाचीचे काय झाले

शिंप्याकडे जाताना तिने आपल्याच पिशवीचे चार पदर आणि दोऱ्याचे रीळ बरोबर नेले. विकणाऱ्याने ठेवलेल्या मऊ चिंधीवर प्रत्येक मशीन चांगलीच शिवते. चार पदरांवर उषाने दहा इंच टीप मारली, एकही टाका सुटला नाही. खालची बाजू वरच्यासारखीच. सुईदांडा घट्ट. टेबल मात्र पोकळ वाजले, ते तिथेच सोडले. सांगाडा साखळीच्या बसमध्ये चढवायला शिंप्याने स्वतः हात लावला.

पिशव्यांसाठी उषा, हे मी तिला आधीच सांगितले होते. आजेसासूची 28 विकू नकोस, हेही सांगितले. तिला चामड्याचा पट्टा नाही, मोटर नाही, बिघडण्यासारखे काही नाही, आणि होडी घरात आहे. तिच्यावर परकराची दुमड घालायला भाचीची सात वर्षांची मुलगी शिकते आहे. ती हँडल फिरवते, आई कापड धरते.

मडगावची 201 अजून त्याच घरात आहे. वायर बदलायची परवानगी मी मागितली आहे. मिळाली की पाटीवरचा आकडा पुन्हा एकदा नीट वाचून ती मीच घेणार आहे.