शिकेकाई साबण: बोअरच्या पाण्याला चालत नाही

नावात शिकेकाई असली तरी वडी शेवटी साबणाचीच. लातूर-बीडकडच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्याशी मिळून साबणाचा चिकट साका होतो. केस वाळले की कंगव्याच्या दातांत तोच राखाडी थर दिसतो. लोक त्याला कोंडा समजून आणखी साबण चोळतात, मग तर बघायलाच नको! थर बसलाच असेल तर मगभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून केसांवर ओता, वरून साधं पाणी.

इथे शाम्पूच बरा. बाटलीमागच्या घटकांच्या यादीत ‘डायसोडियम ईडीटीए’ असेल तर उत्तम, ते क्षार बांधून ठेवतं. चमचाभर शाम्पू अर्ध्या वाटी पाण्यात कालवून टाळूलाच चोळा. फेस कमी म्हणजे मळ राहिला, असं नसतं. वडी पावसाच्या साठवलेल्या पाण्यासाठी ठेवा.