दाण्याचं पाकीट, घाणीवाल्याने चाखलेलं

माझी अमळनेरला लाकडी घाणी आहे. भाचा नाशिककडे, अतिकुपोषित मुलांचा तयार आहार बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याने चाखायला एक पाकीट आणलं. वजन ९२ ग्रॅम, कॅलरी ५००. आत वाटलेला शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल, शिवाय जीवनसत्त्वं आणि क्षार.

माल अव्वल. दाणा सारखा भाजलेला, खवटपणाचा मागमूस नाही. वैशाखातल्या उन्हातून आलेलं पाकीट, तरी तेल वर सुटलं नव्हतं. आमच्या कुटावर लगेच तवंग धरतो. बुरशीच्या विषासाठी दाणा तपासल्याशिवाय आत घेत नाहीत. चव मोठ्या माणसाला गोडच लागेल, पण हे आपल्यासाठी नाहीच. दुकानात शोधू नका.

यात पाणी नाही, म्हणून जंतू वाढत नाहीत. दोन वर्षं टिकतं. चूल नको, सरपण नको. आई कोपरा फाडते आणि लेकराच्या तोंडाला लावते. १९९६ मध्ये हे फ्रान्समध्ये तयार झालं. त्याआधी औषधी दूध स्वच्छ पाण्यात कालवावं लागे, म्हणजे पोराला दवाखान्यातच ठेवावं लागे. एका खोक्यात १५० पाकिटं; सहा-आठ आठवड्यांत एक पोर सावरायला साधारण तेवढी लागतात. वेढ्यात अडकलेल्या गावाला याहून योग्य अन्न मला तरी सुचत नाही.

पण ते आत जायला हवं ना! सुदानच्या दारफूर भागातल्या एल-फाशर शहराला मे २०२४ पासून वेढा पडला. तो उठवा, असा ठराव सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्येच केला. पुढच्या जूनमध्ये अन्न आणि पोषण आहार घेऊन संयुक्त राष्ट्रांचे १५ ट्रक पोर्ट सुदानहून १,८०० किलोमीटर तुडवत एल-फाशरच्या अलीकडच्या अल-कोमापर्यंत पोहोचले. वर्षभरात शहरात शिरणारा तो पहिला ताफा ठरला असता. तिथेच त्यावर हल्ला झाला; पाच माणसं गेली, ट्रक जळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर वेढा घालणाऱ्यांच्या हाती पडलं.

सुदान हा भुईमूग पिकवणारा मोठा देश. आणि त्या शहरात माणसं 'अंबाझ' खाऊन जगत होती. अंबाझ म्हणजे दाण्याचं तेल काढून उरलेली ढेप. माझ्या घाणीची ढेप म्हशीवाले नेतात. ते वाचलं त्या दिवशी पोती भरताना माझा हात चालेना. ज्यांनी ट्रक अडवले, जाळले, त्यांना माफी नाही.

मालात उणीव एकच: तहान फार लागते. अर्ध्या पाकिटावर मी तांब्याभर पाणी प्यालो. पोराला सोबत भरपूर स्वच्छ पाणी पाजा, अशी सूचनाच असते. वेढ्यात पंपाला डिझेल मिळत नाही, आणि २०२५ मध्ये दारफूरभर कॉलरा पसरला होता. म्हणून या खोक्यांबरोबर त्याच ताफ्यात क्लोरीनच्या गोळ्या आणि पंपाचं डिझेलही गेलं पाहिजे.