1 टीबीचा विंडोजवाला पेनड्राइव्ह घेतला आणि फेब्रुवारीची सगळी बिलं गेली

परवा स्टेशन रोडनं येताना त्याच गाळ्याबाहेर परत बोर्ड दिसला, आता त्यावर 2 टीबी लिहिलंय, म्हणून आज बसून हे सगळं लिहून काढतेय. दुकानाचं नाव लिहित नाही कारण तक्रार चालू आहे, पण कोल्हापुरात जे कोणी माझ्यासारखे चार ठिकाणी फिरून अकाउंट्स आणि जीएसटीची कामं करतात त्यांनी हे पूर्ण वाचा.

तेव्हा माझ्याकडं 11 क्लायंट होते, निम्म्यावर उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतले छोटे फाउंड्रीवाले. प्रत्येकाकडं त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून काम करायचं म्हणजे कुठं विंडोज जुनं, कुठं व्हायरस, कुठं मराठी फॉन्टच नाही, आणि माझा लॅपटॉप सहा वर्षांचा, हार्ड डिस्क भरलेली, तो गाडीला अडकवून रोज नेणं जमत नव्हतं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की पेनड्राइव्हवरच अख्खं विंडोज टाकून मिळतं, कुठल्याही मशीनला लावायचं, त्यावरनंच चालू करायचं, त्या मशीनच्या हार्ड डिस्कला हात पण लावायचा नाही. कल्पना खोटी नाहीये हे आधीच सांगते. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच विंडोज 8 बरोबर 2012 मध्ये विंडोज टू गो नावानं हे आणलं होतं, मोठ्या कंपन्यांसाठीच्या एंटरप्राइज आवृत्तीत, आणि 2020 मध्ये विंडोज 10 च्या 2004 आवृत्तीपासून काढून टाकलं. हे मला तेव्हा माहीत असतं तर दुकानदाराला दोन प्रश्न तरी विचारले असते.

जानेवारीत मी त्या गाळ्यात गेले. तो म्हणाला, "ताई, तुमचं अख्खं ऑफिस पर्समध्ये बसतंय बघा. कुठल्याबी कॉम्प्युटरला लावा, तुमचं विंडोज, तुमची टॅली, तुमचा डेटा. 1 टीबी आहे, दहा वर्षं भरत नाही." किंमत 4200. समोर लावून दाखवलं, विंडोज चालू झालं, सी ड्राइव्ह 40 जीबी आणि डी ड्राइव्ह 891 जीबी दिसत होता. मी बिल मागितलं तर म्हणाला बिलबुक संपलंय, नंतर घेऊन जावा, आणि कार्डाच्या मागं पेननं लिहून दिलं, 1 टीबी विंडोजसहित 4200. दिवसभर लोकांना पक्कं बिल घ्या म्हणून सांगणारी मी ते कार्ड घेऊन घरी आले, ह्याचा राग मला अजून जात नाही. पैसे फक्त यूपीआयनं दिले होते तेवढं बरं झालं.

पहिल्या आठवड्यात विंडोज चालू व्हायला सात-आठ मिनिटं लागायची आणि पेनड्राइव्ह हाताला चटका बसेल एवढा तापायचा. फोन केला तर म्हणे सुरुवातीला सेट व्हायला वेळ लागतोय. स्क्रीनच्या कोपऱ्यात उजवीकडं खाली बारीक अक्षरात इव्हॅल्युएशन आणि 90 दिवस असं काहीतरी लिहिलेलं यायचं, त्यावर म्हणाला ओरिजिनल एंटरप्राइज आहे म्हणून तसं दिसतंय. मी विश्वास ठेवला. लॅपटॉप भरलेला होता म्हणून जुना 13 जीबीचा डेटा मी कट करून ह्या डी ड्राइव्हमध्ये पेस्ट केला. कॉपी नाही, कट. मग नवीन बिलांचे स्कॅन, बँक स्टेटमेंट, सगळं त्यातच. जानेवारीचे रिटर्न व्यवस्थित गेले त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं.

9 मार्चला रात्री फेब्रुवारीचं जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न, करायला बसले, 11 तारीख शेवटची. तीन फाउंड्रींचे फोल्डर उघडले, फाइलींची नावं बरोबर, साइज बरोबर, तारखा बरोबर, आणि उघडायला गेलं की पीडीएफ खराब आहे. एक नाही, दोन नाही, साधारण 12 फेब्रुवारीनंतर ठेवलेलं सगळंच. जानेवारीचं उघडत होतं. मला वाटलं टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या प्रोग्रॅमचा काहीतरी प्रॉब्लेम, रात्री दोन वाजेपर्यंत परत परत बंद-चालू करत बसले, हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावलं, तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह आणला, त्याच्यावर लिनक्स होतं, म्हणजे विंडोजच्या ऐवजी चालणारी दुसरी फुकट सिस्टिम, माझ्याच लॅपटॉपला लावला, पेनड्राइव्हवरनं चालू व्हावं म्हणून चालू करताना एफ12 दाबलं आणि तीन मिनिटांत एक वेगळीच सिस्टिम समोर. त्यातनं त्यानं माझा पेनड्राइव्ह एफथ्री नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं तपासला. खरी जागा 58 जीबी, म्हणजे बाजारात 64 जीबी म्हणून मिळतो तोच पेनड्राइव्ह, आणि आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं, की मी 1 टीबी आहे. कॉम्प्युटर बिचारा चिप सांगते ते खरं मानतो. 40 जीबी विंडोजला गेले, डी मध्ये उरले 18, त्यातले 13 माझ्या जुन्या डेटानं घेतले, पुढचे 5 भरेपर्यंत सगळं छान, आणि त्याच्या पुढं जे जे ठेवलं ते कुठंच लिहिलं गेलं नाही. नावं दिसत राहतात कारण फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, आतला मजकूर मात्र नसतोच. त्यामुळं रिकव्हरीवाल्याकडं नेऊन पण उपयोग नाही, जे लिहिलंच नाही ते काढणार कुठनं.

ह्यावर थांबलं असतं तरी मी समजून घेतलं असतं की पैसे आणि मेहनत गेली. पण भाच्यानं ते विंडोज पण नीट बघितलं. एक, ते 90 दिवसांचं ट्रायल होतं, मायक्रोसॉफ्ट चाचणीसाठी फुकट देतं तेच, मुदत संपली की दर तासाला आपोआप बंद पडतं, म्हणजे एप्रिलमध्ये मला परत त्या दुकानदाराच्याच दारात जायला लागलं असतं. दोन, आत लांबून कॉम्प्युटर चालवायचं एक ॲप आधीच घातलेलं, विंडोज चालू झालं की तेही गपचूप चालू, कुणाची परवानगी न विचारता जोडता येईल असं. आणि तीन, अँटिव्हायरसला सांगून ठेवलेलं की सी ड्राइव्ह तपासू नको. दुकानदारानं ते दुरुस्तीच्या सोयीसाठी ठेवलं की दुसऱ्या कशासाठी, मला सांगता येणार नाही. पण दोन महिने मी त्यावर 11 लोकांचे जीएसटीचे पासवर्ड आणि माझं नेटबँकिंग टाइप केलं होतं. जागेच्या फसवणुकीपेक्षा ह्या गोष्टीनं माझी झोप उडाली.

सगळ्यांना स्वतः जाऊन सांगितलं, फोनवर नाही. उद्यमनगरातल्या एका काकांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, बिलं परत काढून देतो गं, त्याचं काय नाही. आमच्या खात्यातनं काय गेलं नाही न्हवं?" पैसे कुणाचे गेले नव्हते. दोन दिवस बसून प्रत्येकाचे पासवर्ड बदलले, तेही दुसऱ्या स्वच्छ मशीनवरनं, त्या पेनड्राइव्हवरनं बदलून काही अर्थ नव्हता. एक क्लायंट मात्र सोडून गेले आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता कुणाला खरंच अशी खिशातली सिस्टिम पाहिजे असेल तर स्वतः बनवा, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. नावाजलेल्या कंपनीचा, यूएसबी 3 चा पेनड्राइव्ह पक्क्या बिलासह घ्या आणि पहिल्याच दिवशी, काहीही ठेवायच्या आधी, पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम आहे, तो शेवटपर्यंत लिहितो आणि परत वाचून बघतो, वेळ लागतो, मोठ्या ड्राइव्हला रात्रभर चालू ठेवायला लागतो, पण दुकानदार बदलून देईल तोपर्यंतच हे करण्यात अर्थ आहे. मग उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराची, आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एका फाइलीत) त्यांच्याच साइटवरनं घ्या, फुकट आहे, आणि रुफस नावाच्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवर चढवा, तोही फुकट. रुफस पेनड्राइव्हवरचं सगळं पुसतो हे लक्षात ठेवा. त्यात एक पट्टी सरकवून पर्सिस्टंट, म्हणजे काम टिकून राहायची, जागा द्यायला लागते, ती दिली नाही तर सिस्टिम चालते पण बंद केली की तुमचं काम पुसलं जातं, आणि बरेच जण इथंच फसतात आणि म्हणतात लिनक्स बेकार. पेनड्राइव्हवरनं चालू करताना डेल आणि लेनोव्होला एफ12 दाबायचं, एचपीला एफ9.

टॅली त्यावर सरळ चालत नाही, हे पण खरं. मी टॅली लॅपटॉपवरच ठेवलीय, आणि जीएसटी पोर्टल, बँक, स्कॅन, एक्सेलच्या फाइली एवढं उबुंटूवर करते. पोर्टलला ब्राउझर लागतो, विंडोज लागत नाही. आणि आता रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर कॉपी. कट नाही.

दुकानात परत गेले होते. म्हणाला, "सॉफ्टवेअरचे पैसे परत नसतात ताई, आणि तुमी काय टाकलं त्यात आमाला काय माहीत." मी वाद घातला नाही. कार्ड, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि भाच्यानं काढलेले तपासणीचे फोटो जोडून 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिलीय, तिथं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही. ज्यांचे ऑनलाइन पैसे गेलेत त्यांनी 1930 ला फोन करायचा, तोही लगेच, दोन दिवसांनी नाही.

दोन फाउंड्रींचे कागद त्यांच्या फाइलीत होते, परत स्कॅन झाले. तिसरे मालक बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि मी ते पेनड्राइव्हवर ठेवून मोबाइलमधनं काढून टाकायचे, त्यांची भंगाराची, भट्टीच्या कोक कोळशाची, वाळूची मिळून 26 बिलं होती. एकेक सप्लायरला फोन करून 23 मिळवली. इचलकरंजीच्या एकाकडनं 3 डुप्लिकेट अजून यायचीत.