पी-२५ टायटॅनियम डायऑक्साइड पावडर: व्हिजिबल लाइटवाल्यांनीही घ्याच

ज्यांचं काम उन्हात, व्हिजिबल लाइटवर पाणी साफ करायचं आहे त्यांच्या लॅबमध्ये एव्हॉनिक कंपनीची एरोक्साइड पी-२५ (उजेड पडला की पाण्यातली घाण तोडणारी टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर) असायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे (आमच्याकडे सीनियर लोक अजून कंपनीच्या जुन्या नावाने डेगुसाच म्हणतात), आणि ही पावडर व्हिजिबलमध्ये एकटी फारशी चालत नाही हे माहीत असूनच लिहितोय.

माल उत्तम आहे. साधारण ८० टक्के अनाटेज, बाकी रुटाईल (टायटॅनियाचे, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचेच, दोन स्फटिकी प्रकार), कण २०-२५ नॅनोमीटरचे, सरफेस एरिया ५० चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या आसपास. यूव्हीमध्ये हिला हरवणं अवघड. पण अनाटेजचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटायला उजेडात लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरच्या पुढचा उजेड त्याला वायाच, आणि उन्हात यूव्ही असतं जेमतेम ४-५ टक्के. म्हणून तर सगळे डोपिंगच्या (व्हिजिबल उजेडही खाता यावा म्हणून थोडं दुसरं मूलद्रव्य आत घालण्याच्या) मागे लागतात, विशेषतः २००१ ला जपानमधून नायट्रोजन डोपिंगचा पेपर आला तेव्हापासून.

आता खरा मुद्दा. एका सप्लायरची 'व्हिजिबल अ‍ॅक्टिव्ह' लेबलवाली पिवळी पावडर आमच्याकडे आली होती, मिथिलीन ब्लू (चाचणीसाठी वापरतात तो निळा डाय) किती उतरला त्याचा ग्राफ एकदम भारी, पण शेजारी त्याच दिव्याखाली साधी पी-२५ लावली तर तिचाही ग्राफ जवळपास तसाच खाली आला! कारण मिथिलीन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरला उजेड खातो आणि इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देऊन स्वतःच फिका पडतो, त्यात पावडरच्या डोपिंगचं कर्तृत्व काहीच नाही. रंग गेला म्हणजे पाणी साफ झालं असंही नाही, टीओसी (पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजल्याशिवाय कळत नाही. आणि इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसिंग हाउसचं पाणी पंचगंगेत जातं, खाली लोक तेच पितात, तिथे नुसता रंग घालवून दाखवणं ही फसवणूकच आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पी-२५ घ्यायची ती कंट्रोल म्हणून, म्हणजे नव्या पावडरशी तुलना करायला. ४२० नॅनोमीटरचा कट-ऑफ फिल्टर (त्याखालचा उजेड अडवणारा) लावा, आधी अर्धा तास अंधारात ढवळा म्हणजे नुसतं शोषून किती गेलं ते कळेल, आणि डायऐवजी फॉर्मिक अ‍ॅसिडसारखं रंगहीन काहीतरी घ्या. सॅलिसिलिक अ‍ॅसिड नको, ते टायटॅनियाला चिकटून स्वतःच पिवळा कॉम्प्लेक्स करतं.

घरची सुधारणा करायची तर युरिया मिसळून मफल फर्नेसमध्ये ४०० डिग्रीला भाजता येते, पिवळी होते, पण तो पिवळेपणा आत शिरलेल्या नायट्रोजनचा की युरियापासून वर बसलेल्या थराचा हे एक्सपीएस (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी) वगैरे केल्याशिवाय ठरवू नका. शिवाय नायट्रोजनच्या लेव्हलवर तयार होणारे होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरणाऱ्या, घाण तोडणाऱ्या रिकाम्या जागा) कमजोर असतात, उजेड जास्त खाल्ला म्हणून काम जास्त होतंच असं नाही. फार तापवू पण नका, ६००-७०० च्या पुढे अनाटेज रुटाईल व्हायला लागतं.

त्रास एकच मोठा. पाण्यातून परत निघत नाही, दुधासारखं पाणी तसंच राहतं, त्यामुळे सेंट्रीफ्यूज किंवा ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लागतोच, नाहीतर स्पेक्ट्रोचं (पाण्याने उजेड किती शोषला ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग चुकतं. खऱ्या प्लांटसाठी काचेवर किंवा मण्यांवर बसवूनच वापरावी लागेल. आणि वजन करताना मास्क लावा, पावडर फार हलकी आहे, जरा वारा लागला की उडते.