जोडकाम: रोज पहाटे की फक्त रविवारी?

कुपवाड एमआयडीसीत हिशेब सांभाळणारा एक मित्र नोकरी सांभाळून सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांसाठी ॲप बनवतोय. ऑफिसात बसलं तरी डोक्यात ॲपच. रोज पहाटे तासभर द्यावा की सगळा रविवार, हा त्याचा पेच.

ऑफिसातलं लक्ष हाच मला सर्वांत मोठा मुद्दा वाटतो. कामाच्या ठिकाणचं लक्ष अभ्यासणाऱ्या संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम सोडून दुसरं हाती घेतलं तरी मन काही काळ पहिल्यातच गुंतलेलं राहतं. म्हणून पहाटे ॲपमधली दुरुस्त करायची राहिलेली चूक दहा वाजताही छळते. कामावरून उठण्यापूर्वी ‘उद्या इथून पुढे’ अशी एक ओळ वहीत लिहून ठेवली, की बरंच सुटतं. रविवारवाल्याला हा त्रास सोमवारपुरता.

कामाच्या वेगात रविवार सरस. कोडिंगला सलग वेळ लागतो. तासातला बराच वेळ मागचं आठवण्यातच जातो. घरचं मात्र बघा, लग्नसराईत रविवार हाती लागतच नाही.

वाचन, लेखन, परीक्षेची तयारी असेल तर पहाट घ्या. ॲप किंवा व्हिडिओचं काम असेल आणि घरचे राजी असतील, तर रविवार. फिरत्या पाळीवाल्यांनी पहाटेचा नाद सोडून आठवडी सुट्टीच धरावी.