टचलाइनवरून आत : बार्सिलोनाच्या तरुण विंगरांचे अहवाल पुरवणारी सेवा, वर्षभराच्या वापरानंतर

मोठ्या क्लबांतील तरुण खेळाडूंचे सविस्तर अहवाल वर्गणीदारांना पुरवणाऱ्या एका सेवेचा मी वर्षभर वर्गणीदार आहे आणि तिच्यातला बार्सिलोनाच्या विंगरांचा, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंचा, विभाग मी इतर कोणत्याही विभागापेक्षा अधिक वेळा वाचला आहे. मी शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या डावखुऱ्या मुलांपैकी बहुतेकांना उजव्या बगलेवर उभे राहून आत वळायचे असते आणि त्यांनी हे बार्सिलोनाच्या लामिन यमालचे पाहिले आहे, ते विचारावे लागत नाही. त्यांना ते नीट दाखवता यावे म्हणून मी ही वर्गणी घेतली, त्यामुळे शिकवण्याच्या कामी हे अहवाल किती येतात, याच कसोटीवर मी त्यांच्याकडे पाहिले आहे.

प्रत्येक खेळाडूच्या अहवालात चार गोष्टी असतात : तो मैदानावर चेंडू कोठे घेतो याचा नकाशा, निवडक चित्रफिती, खेळलेल्या मिनिटांची आणि दुखापतींची नोंद, आणि शेवटी परीक्षकाने लिहिलेले दोन-तीन पानी विवेचन. यांतला सर्वांत मोलाचा भाग चित्रफितींचा आहे, कारण त्या निवडणाऱ्याने फक्त गोल आणि चकवे गोळा केलेले नाहीत. विंगरने धाव घेतली पण चेंडू आलाच नाही, चेंडू आला पण त्याने तो मुकाट्याने मागे दिला, चेंडू गमावला आणि मग तो परत फिरला की जागीच थांबला, अशा प्रसंगांनाही तेथे जागा मिळाली आहे. सामन्यातला बराचसा वेळ विंगर चेंडूशिवाय घालवतो, आणि तो वेळ तो कसा घालवतो हे दाखवणारी सामग्री सहसा कोठे मिळत नाही. या एका गोष्टीसाठी मी सेवेचे मनापासून कौतुक करतो.

लामिन यमालचा अहवाल अर्थातच सर्वांत मोठा आहे. त्याचा जन्म 13 जुलै 2007 चा. मातारो शहरातल्या रोकाफोंदा वस्तीत तो वाढला, सातव्या वर्षी बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत आला आणि 29 एप्रिल 2023 रोजी रेआल बेतिस या क्लबविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात उतरला तेव्हा त्याचे वय 15 वर्षे 290 दिवस होते. स्पॅनिश लीगच्या सामन्यात बार्सिलोनाकडून इतक्या लहान वयात त्यापूर्वी कोणीही खेळले नव्हते. गोल केल्यावर तो बोटांनी 304 हा आकडा दाखवतो, ते रोकाफोंदाच्या 08304 या पिनकोडचे शेवटचे तीन आकडे, हा तपशील अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे आणि तो तेथेच असायला हवा होता. मुलगा कोणत्या गल्लीतून आला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो चेंडू पायाशी इतका निर्धास्तपणे का थांबवतो हेही थोडेफार उमगते.

या अहवालातली एक चित्रफीत मी मुलांना किती वेळा दाखवली असेल याची मोजदाद नाही. युरो 2024 या युरोपीय देशांच्या स्पर्धेत स्पेनच्या उपांत्य सामन्यात, 9 जुलै रोजी म्युनिकमध्ये, फ्रान्स एका गोलने पुढे असताना एकविसाव्या मिनिटाला यमालच्या पायाशी पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर चेंडू येतो आणि त्याच्यासमोर फ्रान्सचा आद्रियाँ राबियो उभा असतो. सेवेने हा प्रसंग अतिशय संथ गतीने, गोलरक्षकाच्या मागून आणि बाजूने अशा दोन कोनांतून दाखवला आहे. त्यात दिसते ते असे : यमाल लगेच फटका मारत नाही. तो चेंडूला डाव्या पायाने लहान लहान स्पर्श करत राहतो, खांद्याने एका बाजूला जाण्याची खूण करतो, समोरच्याचे वजन हलण्याची वाट पाहतो, आणि ते हलताच आतल्या बाजूला जेमतेम एक पाऊल जागा करून चेंडू वळवत दूरच्या खांबाला आतून लावून जाळ्यात घालतो. जागा फार थोडी होती, पण ती त्याने स्वतः तयार केली होती. सतराव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना तो युरो स्पर्धेत गोल करणारा सर्वांत लहान खेळाडू ठरला. माझ्या मुलांना त्या विक्रमाचे वेड आहे, पण मी त्यांना राबियोच्या पायांकडे पाहायला सांगतो, कारण विंगरने वाचायचे असते ते बचाव करणाऱ्याच्या पायांत.

येथपर्यंत अहवाल उत्तम आहे, परंतु त्यापुढच्या विवेचनाशी माझा मतभेद सुरू होतो. परीक्षकाने यमालचे गुण मोजून मोजून लिहिले आहेत : चकवण्याची कला, डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने दिलेले पास, पलीकडच्या खांबाकडे तरंगत जाणारे क्रॉस. हे सर्व खरे आहे. मात्र हा मुलगा उजव्या टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, चिकटून शांतपणे उभा राहू शकतो तो का, हे त्या विवेचनात कोठेही येत नाही. बार्सिलोनाच्या खेळात विंगरने मैदान रुंद ठेवायचे, प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीला ताणायचे आणि चेंडू येईपर्यंत जागा सोडायची नाही, ही शिस्त योहान क्रायफच्या प्रशिक्षणकाळापासून मुरलेली आहे. यमालला चेंडू मिळतो तेव्हा मागून उजवा बचावपटू ज्यूल कुंदे धावत वर येतो, आतल्या बाजूला मधल्या फळीतला एखादा खेळाडू जागा घेतो आणि समोरच्या डाव्या बचावपटूला तिघांपैकी कोणाकडे पाहावे हे कळेनासे होते. त्या क्षणी यमाल एकास एक अशा लढतीत असतो, आणि ती लढत संपूर्ण संघाने त्याला मिळवून दिलेली असते. एकट्या खेळाडूचे वर्णन म्हणून अहवाल चोख आहे, परंतु तो वाचून माझ्यासारखा प्रशिक्षक आपल्या मुलाला टचलाइनवर उभे करील, त्याच्यामागे धावणारा कोणी ठेवणार नाही, आणि दोन आठवड्यांनी मुलालाच दोष देईल. तशी चूक मी स्वतः एकदा केली आहे.

राफिन्याचा उल्लेख या ठिकाणी अनिवार्य होता. 1996 चा जन्म असलेला हा ब्राझिलियन खेळाडू तरुणांच्या विभागात बसत नाही, म्हणून तो वगळला गेला असावा, पण तोही मुळात उजव्या बगलेवरचा डावखुरा विंगर. ती जागा यमालची झाल्यावर तो डावीकडे गेला, प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांच्या हाताखाली बचावफळीच्या पाठीमागे सतत धावा घेऊ लागला, आणि यमालचे पलीकडच्या खांबाकडचे पास त्याच्यामुळेच धोकादायक बनले. पास देणाऱ्याच्या अहवालात पास घेणाऱ्याची धाव नसेल, तर चित्र अर्धेच राहते.

सेवेविषयी माझी खरी तक्रार मात्र मिनिटांच्या नोंदीबद्दल आहे. तेथे फक्त क्लबसाठी खेळलेली मिनिटे मोजली जातात. राष्ट्रीय संघाची मिनिटे दुसऱ्या विभागात आहेत आणि दोन्हींची बेरीज कोठेच मिळत नाही. प्रौढ खेळाडूच्या बाबतीत ही गैरसोय म्हणून सोडून देता आली असती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तीच नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण त्याच्या गुडघ्याला आणि जांघेला जर्सीचा रंग कळत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये यमाल स्पेनकडून खेळून जांघेचे दुखणे घेऊन परतला, फ्लिक यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि पुढचे काही आठवडे तो आत-बाहेर होत राहिला. अहवालाच्या दुखापतींच्या तक्त्यात त्याची एक ओळ आहे, कारणमीमांसा नाही. मी सेवेला दोनदा लिहिले. उत्तर नम्र होते, बदल झाला नाही.

हा आग्रह मी का धरतो, हे त्याच सेवेच्या जुन्या संग्रहातले आन्सू फातीचे पान उघडले की समजते. 2002 मध्ये बिसाऊ येथे जन्मलेला हा मुलगा 25 ऑगस्ट 2019 रोजी वयाच्या सोळाव्या वर्षी बार्सिलोनाच्या पहिल्या संघात आला, योगायोगाने तोही बेतिसविरुद्धच. सहा दिवसांनी त्याने ओसासुनाविरुद्ध गोल केला, आणि डिसेंबरात मिलानमध्ये इंटरविरुद्ध गोल करून तो चॅम्पियन्स लीगचा सर्वांत लहान गोलकर्ता झाला. डाव्या बगलेवरून आत येऊन त्याने मारलेले फटके ज्यांनी पाहिले, त्यांना त्याच्या पायातली घाई आणि नेम यांचा अचंबा आजही आठवतो. नोव्हेंबर 2020 मध्ये, पुन्हा बेतिसविरुद्ध, त्याच्या डाव्या गुडघ्याची कूर्चा फाटली. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. तो सावरत असतानाच 2021 मध्ये मेस्सीने सोडलेला दहा क्रमांक त्याच्या पाठीवर आला. पुढे 2023 मध्ये तो ब्रायटनकडे आणि 2025 मध्ये मोनॅकोकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता, गेला. या पानावरचे विवेचन दुखापतीपूर्वी लिहिलेले आहे आणि तसेच ठेवले आहे. त्यात 'बोझा' हा शब्द एकदाही नाही. मी ते पान दर काही महिन्यांनी वाचतो. मला ते वाचताना वाईट वाटते, आणि अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असेही वाटते.

दहा क्रमांक आता जुलै 2025 पासून यमालकडे आहे. त्या दिवशीच्या नोंदीत सेवेने करार 2031 पर्यंतचा असल्याचे लिहिले, जर्सीच्या इतिहासाविषयी दोन परिच्छेद दिले, आणि फातीचे नाव मात्र ओझरते घेतले.

संग्रहातले आणखी एक पान आवर्जून पाहण्यासारखे आहे, ते उस्मान देम्बेलेचे. 2017 मध्ये बार्सिलोनाने बोरुसिया डॉर्टमुंडकडून त्याला 10 कोटी 50 लाख युरो आणि वर बोनस देऊन घेतले तेव्हा तो 20 वर्षांचा होता. महिन्याभरात त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला, आणि पुढची बरीच वर्षे दुखापती त्याची पाठ सोडत नव्हत्या. अहवालात त्याचे वर्णन 'दोन्ही पायांनी सारखाच खेळणारा, टचलाइनवरचा विंगर' असे आहे. 2023 मध्ये तो पॅरिस सेंट-जर्मेन क्लबमध्ये गेला, तेथील प्रशिक्षक लुईस एन्रीके यांनी त्याला मैदानाच्या मध्याकडे आणले, आणि 2025 चा बॅलन डी'ओर हा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याने आघाडीच्या मधल्या जागेवर खेळून जिंकला. त्या यादीत दुसरे नाव यमालचे होते. विसाव्या वर्षी लिहिलेला अहवाल अठ्ठाविसाव्या वर्षाविषयी फार थोडे सांगू शकतो, आणि चांगल्या परीक्षकाने ही मर्यादा पानाच्या वरच्या बाजूलाच नोंदवावी. मेस्सीदेखील उजव्या बगलेवरचाच मुलगा होता. 2 मे 2009 रोजी माद्रिदमध्ये तेव्हाचे प्रशिक्षक गार्दिओला यांनी त्याला मध्यभागी आणून आघाडीच्या मधल्या जागेवरच्या एतोला उजवीकडे पाठवले आणि बार्सिलोनाने तो सामना 6-2 असा जिंकला, हा प्रसंग विंगरांवर लिहिणाऱ्याने विसरता कामा नये.

रूनी बार्दग्जीचे पान छोटे आहे, पण नीट लिहिले आहे. कुवेतमध्ये सीरियन कुटुंबात जन्मलेला आणि स्वीडनमध्ये वाढलेला हा 2005 चा खेळाडू कोपनहेगनकडून 2025 च्या उन्हाळ्यात आला. नोव्हेंबर 2023 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बदली म्हणून उतरून त्याने 4-3 चा विजयी गोल केला तेव्हा तो सतरा वर्षांचाच होता. त्यानंतर गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा बराच काळ वाया गेला. तोही डावखुरा, तोही उजव्या बगलेवरचा, म्हणजे यमाल तंदुरुस्त असेपर्यंत त्याला बाकावर बसणे आले. सप्टेंबर 2025 मध्ये व्हॅलेन्सियाविरुद्ध यमाल दुखापतीमुळे नव्हता, तेव्हा रूनी पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरांत आला. सुरुवातीला त्याच्या पानावर प्रमुख पाय 'उजवा' असे छापले गेले होते. मी कळवल्यावर चार दिवसांत दुरुस्ती झाली, हे सेवेच्या बाजूने नोंदवले पाहिजे. यमाल आणि रूनी यांच्या चेंडू घेण्याच्या नकाशांची तुलना मात्र अजून कोणी केलेली नाही. यमाल टचलाइनवर वाट पाहतो, तर रूनी लवकर आत सरकून फटक्याचा कोन शोधतो, असे मला चित्रफितींवरून दिसते. दोन डावखुऱ्या मुलांना एकच जागा शिकवताना हा फरक मला सोन्यासारखा उपयोगी पडला असता.

तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात सांगायचे तर शोध नीट चालतो, मोबाइलवर संथ गतीच्या चित्रफिती अडखळतात, आणि छापून घेण्याची सोय नसल्यामुळे नकाशे मुलांपुढे ठेवण्यासाठी मला हाताने काढावे लागतात.

वर्गणीचे नूतनीकरण मी केले आहे. ज्याला विंगर शिकवायचा आहे त्याने चित्रफितींसाठी ही सेवा जरूर घ्यावी आणि विवेचनाचा भाग स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून घ्यावा. ज्याला फक्त सामन्यांचा आनंद घ्यायचा आहे, त्याला एवढ्या खोलात जाण्याची गरज भासणार नाही.

दानी रोद्रिगेसचे पान मी शेवटी उघडले. मे 2025 मध्ये वायादोलिदविरुद्ध फ्लिक यांनी या अकादमीतल्या विंगरला पहिल्या संघातून थेट सुरुवातीला उतरवले, आणि पूर्वार्धातच खांदा दुखावल्याने त्याला मैदान सोडावे लागले. त्याच्या पानावर एकच चित्रफीत आहे. तीत तो उजव्या टचलाइनवर हात वर करून चेंडू मागतो आहे, आणि पास दुसरीकडे जातो. सेवेने ती काढून टाकलेली नाही, याचा मला आनंद वाटतो.